थेंबांचा साचा: इमल्शनपासून सच्छिद्र पॉलिमर आणि मायक्रोकॅप्सूल कसे बनवावेत

रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी हे काम मी पहिल्यांदा हाती घेतले, तेव्हा शोधनिबंधांची कमतरता नव्हती. मात्र त्यांत 'प्रथम इमल्शन तयार करून घेतले' एवढ्या एका वाक्यात जे उरकलेले असते, नेमके तेथेच माझे साडेतीन महिने गेले. किनाऱ्यावरच्या लहान प्रयोगशाळेत, खाऱ्या हवेत आणि भरवशाच्या नसलेल्या विजेवर हे काम करायचे असेल, तर काय काय अडते आणि ते कसे सोडवावे, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने लिहीत आहे.

कल्पना साधी आहे. एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात पसरवले की इमल्शन, म्हणजे पाठ्यपुस्तकातले पायस, तयार होते. बाहेरचा द्रव घट्ट करून आतला काढून टाकला, तर थेंबांच्या जागी पोकळ्या उरतात आणि सच्छिद्र पदार्थ मिळतो. उलट, थेंब तसाच ठेवून त्याच्याभोवती कवच बसवले, तर मायक्रोकॅप्सूल मिळते. आंबोळीला जाळी पडते ती आतली हवा आणि वाफ आपली जागा मागे ठेवून निघून जाते म्हणून. येथे हवेचे काम थेंब करतो. म्हणून पोकळीच्या आकाराचा निर्णय भट्टीत होत नाही. तो त्याआधी, इमल्शन ढवळत असतानाच झालेला असतो.

१. कागदपत्रे आणि सामान

रसायने मागवण्यापूर्वी पुढील कागद तयार ठेवावेत:

- विभागप्रमुखांच्या सहीचे, महाविद्यालयाच्या लेटरहेडवरील मागणीपत्र
- प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट, छापून फाइलला लावलेली
- मार्गदर्शकांनी तपासलेली कृती, प्रमाणांसह
- टाकाऊ द्रव कोठे साठवणार आणि कोणाला देणार याची लेखी नोंद

स्टायरीन (घट्ट होऊन सच्छिद्र पॉलिमर बनवणारा द्रव) ज्वालाग्राही असल्यामुळे साधा कुरिअरवाला ते घेत नाही. माझी बाटली मुंबईहून ट्रान्सपोर्टने आली आणि त्यात अठरा दिवस गेले. तेव्हा मागणी सर्वांत आधी याची द्यावी.

उपकरणांत ओव्हरहेड स्टरर, म्हणजे वरून पाती फिरवणारे ढवळण्याचे यंत्र, हवाच. मॅग्नेटिक स्टररवर भागवण्याचा मोह होतो, परंतु आतल्या द्रवाचे प्रमाण वाढले की इमल्शन इतके दाट होते की चुंबकाची गोळी जागच्या जागी थरथरत राहते आणि वरचा थर हलतसुद्धा नाही. याशिवाय ड्रॉपिंग फनेल, साठ अंशांवर स्थिर राहणारे ओव्हन, पीएच मीटर, साधा सूक्ष्मदर्शक, सॉक्सलेट संच (गरम द्रावकाने पदार्थ पुन्हा पुन्हा धुणारा) आणि डेसिकेटर (ओलावा शोषून घेणारे बंद भांडे) लागतो. फ्यूम हूड, म्हणजे वाफ बाहेर खेचून नेणारे कपाट, चालू स्थितीत नसेल, तर स्टायरीनच्या वाटेला जाऊच नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ पासून स्टायरीनला मानवात बहुधा कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. खिडकी उघडी ठेवली म्हणजे झाले, असे हे प्रकरण नाही.

२. पाणी तपासून घ्या

हा मथळा पाहून पुढे जाऊ नका. मे महिन्यात आमच्या डिस्टिलेशन संचाची कॉइल जळाली होती आणि मी खाडीलगतच्या विहिरीचे पाणी गाळून वापरले. मायक्रोकॅप्सूलचे कवच ज्यांपासून बनते त्या जिलेटिन आणि बाभळीच्या जातीचा डिंक, म्हणजे गम अरेबिक, यांच्या द्रावणांत आम्ल घातल्यावर जे दुधाळ व्हायला हवे होते, ते जेमतेम धुरकट झाले. मी डिंकाला दोष दिला आणि नवा मागवला. अकरा दिवसांनी शिपाईमामांनी सहज विचारले, "ह्या दिवसांत त्या विहिरीचा पाणी खारा होता, ता तुमका चलता काय?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

जिलेटिन आणि डिंक एकत्र येतात ते विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीमुळे. पाण्यात मीठ असेल, तर त्यातले आयन मध्ये येऊन ही ओढ दुबळी करतात आणि कवचाचा पदार्थ वेगळा पडतच नाही. तपासणी अगदी स्वस्त आहे: परीक्षानळीत थोडे पाणी घेऊन सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकावा, पांढरा साका दिसला, तर क्लोराइड आहे आणि ते पाणी बाजूला ठेवावे. डिस्टिलेशन संच बंद असेल, तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्याचे पाणी दुकानातून आणून, याच रीतीने तपासून, वापरता येते.

गंमत अशी की पुढच्या पायऱ्यांतील सच्छिद्र पॉलिमरसाठी आपण मुद्दाम क्षार घालणार आहोत. तेथे पाण्याचे थेंब तेलात असतात आणि लहान थेंबांतले पाणी तेलातून झिरपत मोठ्या थेंबांत जाऊ पाहते. लहान आटतात, मोठे फुगतात आणि साचा बिघडतो. क्षारामुळे ही झिरपण मंदावते. म्हणजे एकाच कपाटातली मिठाची बाटली एका प्रयोगात मित्र आणि दुसऱ्यात वैरी. म्हणून दोन्ही प्रयोगांची काचेची भांडी मी वेगळी ठेवतो.

३. बाहेर कोण आणि आत कोण, हे आधी ठरवा

नवख्यांना वाटते की जो द्रव जास्त, तो बाहेर. तसे नसते. रसायनशास्त्रज्ञ बॅन्क्रॉफ्ट यांचा १९१३ च्या सुमाराचा नियम आजही उपयोगी पडतो: पायसीकारक (थेंब पुन्हा एकत्र होऊ न देणारा पदार्थ) ज्या द्रवात अधिक विरघळतो, तो द्रव बाहेरचा होतो. ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये याच विचाराला एचएलबी हा आकडा दिला: पायसीकारकाची ओढ पाण्याकडे जितकी जास्त, तितका तो मोठा. स्पॅन ८० या पायसीकारकाचा आकडा ४.३ आहे, तो तेलाकडे झुकतो आणि पाण्याचे थेंब तेलात धरून ठेवतो. ट्वीन ८० चा आकडा १५ आहे आणि त्याचे काम नेमके उलटे. दोन्ही बाटल्यांत पिवळसर, मधासारखा दाट द्रव असतो आणि घाईत त्यांची अदलाबदल होते. माझीही झाली होती. झाकणांवर रंगीत पट्टी चिकटवावी.

सारख्या आकाराच्या गोट्या डब्यात कितीही दाबून रचल्या, तरी त्या सुमारे ७४ टक्केच जागा भरतात. आतल्या द्रवाचे प्रमाण याच्या वर गेले की थेंब एकमेकांवर दाबले जाऊन पैलूदार होतात आणि बाहेरचा द्रव त्यांच्यामध्ये पातळ पडद्यासारखा उरतो. अशा इमल्शनला हाइप (HIPE, म्हणजे आतल्या द्रवाचे प्रमाण फार असलेले इमल्शन) म्हणतात आणि ते घट्ट करून मिळणाऱ्या पॉलिमरला पॉलिहाइप. हे नाव युनिलिव्हरमधील बार्बी आणि हक यांच्या १९८० च्या दशकारंभीच्या पेटंटपासून रूढ झाले.

४. पॉलिहाइपचे इमल्शन

सुमारे ५० मिलिलिटरसाठी माझे प्रमाण असे आहे. तेलाच्या भागात स्टायरीन ४ मिली, पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडणारे डायव्हिनाइलबेंझीन १ मिली आणि स्पॅन ८० एक ग्रॅम. पाण्याच्या भागात ४५ मिली पाणी, घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारे पोटॅशियम परसल्फेट ०.१ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड ०.५ ग्रॅम. बाजारातील स्टायरीनमध्ये ते बाटलीतच घट्ट होऊ नये म्हणून रोधक घातलेला असतो. तो काढण्यासाठी द्रव बेसिक ॲल्युमिनाच्या छोट्या स्तंभातून गाळून घ्यावा आणि त्याच दिवशी वापरावा. ही पायरी मी एकदा वगळली आणि चोवीस तासांनंतरही नळीत श्रीखंडच होते.

तेलाचा भाग भांड्यात घेऊन स्टररची पाती तळापासून अर्ध्या सेंटिमीटरवर ठेवावीत, फेरे मिनिटाला तीनशेच्या आसपास ठेवावेत आणि पाणी थेंबाथेंबाने सोडावे. पहिल्या दहा मिलीत हात फार आखडता ठेवावा. येथे घाई केली, तर पाणी तळाशी साठते आणि मग कितीही ढवळले तरी आत जात नाही. नंतर वेग थोडा वाढवता येतो. सगळे मिळून मला पाऊण तास लागतो आणि त्यानंतर वीस मिनिटे नुसते ढवळणे.

हळूहळू द्रव पांढरा होतो, मग त्याला चकाकी येते आणि स्टररचा आवाज बदलतो: आधीची खळखळ जाऊन एक दबका, ओढल्यासारखा आवाज येऊ लागतो. तो ऐकू आला की समजावे की इमल्शन धरले. खात्रीसाठी काडीवर थोडे घेऊन पाण्यात सोडावे. पाणी आत आणि तेल बाहेर असेल, तर गोळा तसाच तरंगतो. पसरून पाणी दुधाळ झाले, तर इमल्शन उलटले आहे आणि ते टाकून देण्यावाचून इलाज नाही.

स्पॅनचे प्रमाण काटकसरीने कमी करू नये. तेलाच्या भागाच्या पाच टक्क्यांच्या आसपास ते आले, की पोकळ्या एकमेकींपासून बंद राहतात. वीसच्या आसपास ठेवले, की शेजारच्या पोकळ्यांमध्ये गोल खिडक्या उघडतात. पदार्थातून द्रव आरपार जावा असे वाटत असेल, तर खरी किंमत या खिडक्यांचीच आहे.

५. घट्ट करणे, धुणे, वाळवणे

इमल्शन झाकणाच्या नळ्यांत भरून साठ अंश सेल्सिअसला चोवीस तास ठेवावे. नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्याव्यात. काचेसारख्या पारदर्शक, कडक, स्वस्त नळ्या बहुधा पॉलिस्टायरीनच्या असतात आणि स्टायरीन त्यांना विरघळवते.

याच्याशीच जोडलेली दुसरी चूक माझी स्वतःची. जूनमध्ये रात्री वीज जाईल या भीतीने मी जेटीवरून मासळीची थर्माकोलची पेटी आणली, तीत गरम पाण्याचे भांडे ठेवले आणि नळ्या त्यात उभ्या केल्या. उष्णता छान टिकली. परंतु एका नळीचे झाकण सैल होते. सकाळी पेटीच्या भिंतीला बोट जाईल एवढे गुळगुळीत भोक पडलेले होते, कारण थर्माकोल हेही पॉलिस्टायरीनच. आता मी पेटी वापरतो, पण नळ्या आधी स्टीलच्या डब्यात ठेवून डबा पेटीत, आणि पेटी फ्यूम हूडमध्ये.

ढवळत असताना वीज गेली, तर मात्र पेटीचा उपयोग नाही. पाणी सोडण्याच्या मध्यावर स्टरर थांबला, तर फनेलची तोटी तत्काळ बंद करावी आणि काचेच्या कांडीने हाताने ढवळत राहावे. पाच-दहा मिनिटे असे निभते. स्टररपुरता इन्व्हर्टर मिळाला तर उत्तम.

घट्ट झालेला ठोकळा नळी कापून बाहेर काढावा, दिवसभर पाण्यात ठेवावा आणि नंतर सॉक्सलेटमध्ये इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने चोवीस तास धुवावा, म्हणजे स्पॅन आणि न जुळलेले स्टायरीन निघून जाते. ओव्हनमध्ये पन्नास अंशांवर, शक्य असल्यास निर्वातात, वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. अल्कोहोलने भिजलेला ठोकळा ठिणगी पडू शकेल अशा ओव्हनमध्ये थेट ठेवू नये. आधी हूडमध्ये रात्रभर उघडा ठेवावा.

यश मोजण्याची सोपी रीत म्हणजे घनता. माझ्या एका ठोकळ्याचा व्यास २.६ सेंमी, उंची ३ सेंमी आणि वजन १.६ ग्रॅम होते. घनफळ सुमारे १५.९ घन सेंमी, म्हणून घनता ०.१ ग्रॅम प्रति घन सेंमी. भरीव पॉलिस्टायरीनची १.०५ धरली, तर ठोकळ्यात सुमारे ९० टक्के पोकळी आहे. खिडक्या उघड्या आहेत का, हे पाहायला ठोकळ्यावर रंगीत अल्कोहोलचा थेंब टाकावा: उघड्या असतील, तर तो क्षणात शोषला जातो. पाण्याचा थेंब मात्र अळूच्या पानावरच्यासारखा वरच राहतो. आमच्या मुलांना मी बशीत समुद्राचे पाणी घेऊन त्यावर डिझेलचा तवंग सोडायला सांगतो आणि ठोकळ्याचा तुकडा त्यावर ठेवतो. तवंग तुकड्यात ओढला जातो आणि तुकडा तरंगत राहतो. जेटीवर वाढलेल्या मुलांना सच्छिद्रता यापेक्षा चांगली समजावता येईल, असे मला वाटत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुना मोठ्या केंद्रात पाठवायचा असेल, तर तो बोथट पात्याने कापू नये. कडा सारवल्यासारख्या होऊन खिडक्या बुजतात. तुकडा मोडून ताजा पृष्ठभाग द्यावा.

६. मायक्रोकॅप्सूल

ही कृती जुनी आणि भरवशाची आहे. अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन यांनी जिलेटिन आणि डिंकाच्या कवचात रंगद्रव्याचे तेल कोंडले आणि १९५० च्या दशकात कार्बनशिवाय प्रत उमटणारा कागद बाजारात आला. पेनच्या दाबाने कुपी, म्हणजे मायक्रोकॅप्सूल, फुटते आणि खालच्या कागदावर अक्षर उमटते. आपल्याकडच्या अनेक पावती पुस्तकांत हाच प्रकार असतो.

जिलेटिन तीन ग्रॅम घेऊन ते शंभर मिली थंड पाण्यात अर्धा तास फुगू द्यावे आणि मग पन्नास अंशांवर विरघळवावे. थेट गरम पाण्यात टाकले, तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. दुसऱ्या भांड्यात डिंक तीन ग्रॅम शंभर मिली पाण्यात विरघळवून मलमलीतून गाळावा. जिलेटिनच्या द्रावणात सहा मिली तेल घालून मिनिटाला आठशे फेऱ्यांनी दहा मिनिटे ढवळावे. कुपीचा आकार येथेच ठरतो, म्हणून एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मगच पुढे जावे.

आता डिंकाचे गरम द्रावण मिसळावे, फेरे चारशेच्या खाली आणावेत, तापमान पंचेचाळीसच्या आसपास ठेवावे आणि दहा टक्के ॲसेटिक आम्ल थेंबाथेंबाने सोडत पीएच ४.२ पर्यंत आणावा. हाडांपासून काढलेले, 'बी' प्रकारचे जिलेटिन पीएच पाचच्या खाली धनभारित होते, डिंक ऋणभारितच राहतो आणि दोघे मिळून दाट, सूक्ष्म थेंबांच्या रूपाने पाण्यातून वेगळे पडतात. हे थेंब तेलाभोवती गोळा होऊन एकसंध कवच बनतात. 'ए' प्रकारच्या जिलेटिनमध्ये हे वरच्या पीएचलाच सुरू होते, म्हणून बाटलीवरचा प्रकार वाचून घ्यावा. या अर्ध्या तासात दर पाच मिनिटांनी थेंब पाहावा, पण काचपट्टी कोमट करून. गार पट्टीवर जिलेटिन गोठते आणि भलतेच चित्र दिसते.

कवच दिसू लागले की ढवळणे चालू ठेवून तासाभरात तापमान दहा अंशांपर्यंत उतरवावे. मासळी बाजारातला बर्फ बाहेरच्या टबासाठी चालतो, मात्र तो एकदम ओतू नये: कवच घाईने गोठले की कुप्या एकमेकींना चिकटून द्राक्षांच्या घोसासारख्या होतात. मग जिलेटिनचे रेणू एकमेकांना जोडणारे पंचवीस टक्के ग्लुटाराल्डिहाइड एक मिली घालावे, तासभर थंड ठेवावे आणि हळू ढवळत खोलीच्या तापमानाला रात्रभर राहू द्यावे. याची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला झोंबते. हातमोजे आणि फ्यूम हूड येथेही हवेत. कवचाला पिवळसर छटा येते ती जोडणी झाल्याची खूण आहे, बिघाडाची नव्हे. चिमूटभर कुप्या साठ अंशांच्या पाण्यात टाकून पाहाव्यात. त्या विरघळल्या, तर जोडणी अपुरी आहे.

आत कोणते तेल घ्यावे, हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. शिकताना तिळाचे किंवा शेंगदाण्याचे घ्यावे. खोबरेल सुमारे २४ अंशांना गोठते, म्हणून थंड करताना ते कवचाच्या आतच घट्ट होते. कुपी टिकते, पण सूक्ष्मदर्शकाखाली सुरकुतलेली दिसते आणि नवखा घाबरतो. कोकमाचे तेल चाळीस अंशांच्या आसपास वितळते. ते वापरायचे असेल, तर आम्ल सोडण्याची पायरी पन्नास अंशांवर करावी. गवती चहाच्या तेलाचा मोह सर्वांनाच होतो, कारण ते कोकणात सहज मिळते आणि वास सुरेख आहे. परंतु त्यातील सिट्रल हे स्वतःच अल्डिहाइड असल्याने ते जिलेटिनशी जुळू पाहते. ते खोबरेलात पातळ करून, थोड्या प्रमाणात आणि अनुभव आल्यावरच वापरावे.

७. पावसाळ्यातले वाळवण

जून ते सप्टेंबर या काळात जिलेटिनच्या कुप्या उघड्यावर वाळत नाहीत. हवेतला ओलावा घेऊन त्या सकाळपर्यंत एका चिकट चकतीत बदलतात आणि तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशी येते. गाळलेल्या कुप्या थंड पाण्याने तीनदा धुऊन, गाळणकागदावर पातळ पसरून, सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवाव्यात. निळे सिलिका जेल आमच्याकडे जुलैमध्ये एका रात्रीत गुलाबी होते. ते रोज १२० अंशांच्या ओव्हनमध्ये पुन्हा निळे करावे लागते, म्हणून दोन वाट्या आलटून पालटून वापराव्यात. घाई नसेल, तर कुप्या वाळवूच नयेत. घट्ट बुचाच्या बाटलीत, पाण्यातच, फ्रिजमध्ये त्या काही आठवडे राहतात, आणि वाळवण्याचे काम ऑक्टोबरच्या कोरड्या हवेवर सोपवता येते. बाटलीवर तारीख, तेलाचे नाव, पीएच आणि स्टररचे फेरे पेन्सिलने लिहावेत. बॉलपेनची शाई फ्रिजच्या ओलीत पसरते.